परतीचं कापड

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात सुब्बरावाचं घर शोधायला नंबर लागत नाही. ज्या दारापुढची दगडी मोरी तांबूस दिसेल ते त्याचं घर. त्या मोरीतून तीन पिढ्यांचा रंग वाहून गेला. आता तिथे रोज धुण्याचं आणि भांड्यांचं पाणी वाहतं, पण दगडानं तांबडेपणा सोडलेला नाही. मागच्या अंगणात विहिरीच्या कडेला तांब्याचा एक मोठा हंडा पालथा घातलेला असतो. तो सुब्बरावाच्या आज्यानं घेतला. आजा, बाप आणि सुब्बराव, तिघांचे हात कोपरापर्यंत त्यात रंगले.

रंगाऱ्यांची जुनी घरं एकेक करून दुसऱ्या उद्योगांना लागली. कुणी शिंपी झाला, कुणी कचेरीत गेला, कुणी फोटो काढायला लागला. सुब्बराव मात्र रेशमाच्या एका गिरणीच्या रंगखात्यात चौतीस वर्षं राहिला आणि निवृत्त झाल्यावरही त्याची नखं काही पूर्ण पांढरी झाली नाहीत. नखांचा त्याला अभिमान होता. लग्नाच्या पंगतीत तो पानावर हात मुद्दाम पसरून ठेवायचा.

अशा या माणसाला सहासष्टाव्या वर्षी कॅन्सर झाला. त्याचं त्याला जे काही दुःख झालं ते तीन महिन्यांत ओसरलं. त्याच्या मागून दुसरं दुःख आलं, ते मात्र काही केल्या जाईना. तो कॅन्सर कुणी खरा मानेना.

झालं होतं असं. लघवीला वारंवार जावं लागतं म्हणून तो दवाखान्यात गेला. तिथे रक्त तपासलं. पीएसए नावाचा आकडा असायला हवा त्यापेक्षा थोडा वर निघाला. मग यंत्रात निजवून फोटो काढले, मग सुयांनी बारा तुकडे घेतले. पुरुषाच्या मूत्राशयाखाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात तिला, तिचे ते तुकडे. डॉक्टर पावनी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद पुढ्यात ठेवून कानडीत शांतपणे सांगितलं, की बारांपैकी दोनच तुकड्यांत कॅन्सर आहे, तोही चिमूटभर आणि मवाळ जातीचा. तो सुम्ने बसलाय. म्हणजे गप्प बसलाय, कुणाच्या वाटेला जात नाही. त्याला बसू द्यायचं आणि त्याच्यावर डोळा ठेवायचा. दर सहा महिन्यांनी रक्त, अधूनमधून फोटो, लागेल तेव्हा पुन्हा तुकडे. उठून चालायला लागला तर तेव्हा उपचार आहेतच. कित्येकांच्या बाबतीत तो जन्मभर उठतच नाही, मग उपचाराचा त्रास आधीच कशाला ओढवून घ्यायचा.

सुब्बरावाची बायको अनुसूया त्या दिवशी बसमध्ये पदराआड रडली आणि मार्केटजवळ उतरून तिनं दोन मोळं मल्लिगे घेतली. मोळं म्हणजे मोगऱ्याची हातभर माळ. दोन मोळं ती फक्त सणाला घ्यायची.

पहिले काही दिवस माणसं भेटायला आली. ऑपरेशन कधी, असं विचारायची. नाही. मग औषध चढवणार असतील. नाही. गोळ्या तरी असतील. त्याही नाहीत. एवढं झाल्यावर आलेला माणूस सुब्बरावाकडे असा बघायचा, जसा खोटं कारण सांगून रजा घेतलेल्या कारकुनाकडे साहेब बघतो. मग कॉफी पिऊन निघायचा. महिनाभरात येणं थांबलं.

तेही त्यानं सोसलं असतं. तिरुमलरावाचं सोसवेना.

तिरुमलराव त्याचा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा, चार घरं पलीकडे राहणारा. दोघं एकाच अंगणात रांगले. तिरुमलनं रंग सोडला आणि रेल्वेच्या कारखान्यात लागला, त्यामुळे त्याचे हात कायम स्वच्छ. फोटोत तो पुढे बसायचा. लहानपणी दोघं एकाच पेरूच्या झाडावरून एकदमच पडले. तिरुमलचा हात मोडला, सुब्बरावाच्या बरगडीला मुका मार लागला. तिरुमलचं प्लास्टर बघायला गल्लीतली पोरं दारात उभी राहायची, त्याला रोज दुधात हळद आणि वर खोबरं मिळायचं. सुब्बरावाची बरगडी चार महिने दुखली. पण बरगडी कुणाला काढून दाखवता येत नाही.

साठ वर्षांनी तेच पुन्हा झालं. आणि झालं ते सुब्बरावामुळेच, हे विशेष. डॉक्टर पावनींनी त्याला विचारलं होतं, घरात आणखी पुरुषमंडळी आहेत का, त्यांनीही तपासून घेतलेलं बरं. सुब्बरावानं स्वतः तिरुमलला रिक्षात घालून नेलं. तिरुमलचा निघाला तो मवाळ नव्हता. भुकेलेला होता. डॉक्टरांनी महिन्याच्या आत ऑपरेशन केलं आणि ग्रंथी काढून टाकली.

मग काय विचारता. हुणसूरची सोयरी मंडळी पहिल्या बसनं आली. पिरियापट्टणहून तंबाखूची कामं टाकून माणसं आली. तिरुमलच्या खाटेशेजारी नंजनगुडच्या केळ्यांचे घड टेकवायला जागा उरली नाही. त्याची बायको कमलाक्षी ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या पाच तासांची गोष्ट सांगायची. ती तिनं इतक्यांदा सांगितली की कुठे थांबायचं, कुठे डोळ्याला पदर लावायचा, हे तिचं पक्कं बसलं. सुब्बराव समोरच्या खुर्चीत बसून ऐकायचा. एकदा त्यानं वाट बघितली, की आता तरी ही म्हणेल, भावजींनी नेलं म्हणून कळलं. ती म्हणाली, देवानं वेळेवर बुद्धी दिली म्हणून कळलं.

त्या दिवशी घरी येऊन सुब्बरावानं जेवताना भात दोनदा मागे सारला.

हेवा रंगासारखाच असतो. आधी पाण्यात एक रेघ दिसते, आणि पुन्हा बघावं तर सगळं पाणी झालेलं. सुब्बराव फिरायला कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जायचा तेव्हा लोक विचारायचे, तिरुमलराव कसे आहेत. त्याच्या स्वतःच्या पोटाखाली काय आहे हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत होतं, पण विचारायचं ते तिरुमलबद्दल. मधल्या काळात सुब्बरावाचे पुन्हा तुकडे घेतले. निकालाच्या आठवड्यात त्याच्या मनात जे यायचं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. त्याला वाटायचं, एकदाचा वाढलेला निघू दे. होऊ दे माझंही ऑपरेशन.

निघाला तेवढाच. तसाच सुम्ने बसलेला. डॉक्टर पावनी हसल्या आणि सुब्बरावाचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर अनुसूयेनं विचारलं, उलट निघाला असता तर पेढे वाटणार होतात का? तो बसच्या दिशेनं चालायला लागला.

आता त्या कापडाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपतं.

मंडी मोहल्ल्यातल्या या रंगाऱ्यांच्या पंधरावीस घरांत एक जुनी रीत आहे. माणूस मरणाच्या दारातून परत आला, साप चावून वाचला, बाळंतपणातून उठला, मोठ्या ऑपरेशनातून घरी आला, की मार्गशीर्षातल्या कुलदेवी हिंगुळांबेच्या पूजेला त्याच्या अंगावर एक तांबडा शेला घालतात. त्याला परतीचं कापड म्हणतात. ते बाजारातून आणायचं नसतं. जमातीतल्या वडीलधाऱ्या रंगाऱ्यानं ते आपल्या हातानं, मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून रंगवायचं. पूजेच्या पंगतीत परतलेल्या माणसाच्या पानाजवळ त्यानंच उभं राहायचं आणि जेवण झाल्यावर त्याच्या हातावर पाणी घालायचं. शेला कमरेला बांधूनच परतलेल्या माणसानं देवीची आरती करायची. आणि रंगाऱ्याला स्वतःचं कापड रंगवता येत नाही, ते दुसऱ्यानंच रंगवावं लागतं.

हातानं रंगवणारा आता एकटा सुब्बराव उरला होता. तिरुमलचं कापड त्यालाच रंगवायचं होतं.

पूजेच्या तयारीला सगळे जमले तेव्हा त्यानं, जणू सहज सुचलं असं दाखवून, विचारलं की यंदा दोन कापडं करावीत का, म्हणजे आजार तर दोघांचा एकच होता. लेक भाग्या येईल, सांगेन तसं ती रंगवेल. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कमलाक्षी लाडू वळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं,

"भावजी, तुम्ही गेलाच नाही, तर परतणार कुठून?"

सगळे हसले. सुब्बरावही हसला. पण तो हसताना त्याची नखं तळहातात रुतली होती.

त्याच आठवड्यात तो कुणाला न सांगता दुसऱ्या एका मोठ्या इस्पितळात गेला. तिथल्या सर्जननं कागद बघून सांगितलं, की थांबलं तरी चालेल, थांबायचं नसेल तर काढून टाकता येईल, निर्णय तुमचा. सुब्बरावानं निर्णय तिथेच दिला. पूजा रविवारी होती. त्याच्या पुढच्या बुधवारी सकाळी सातला, उपाशी पोटी भरती व्हायचं ठरलं. पुढच्या मार्गशीर्षात कापड त्याचं असणार होतं.

घरी आल्यावर अनुसूया बराच वेळ तारखेचा कागद धरून बसली. तिनं डॉक्टर पावनींच्या बोलण्याची आठवण करून दिली, भाग्याला फोन लावला, भाग्यानं बापाची समजूत घातली, त्यानं ऐकून घेतलं आणि फोन परत दिला. अंग माझं आहे, एवढंच म्हणाला. तेव्हा अनुसूया म्हणाली,

"तुम्हाला आजार काढायचा नाही. तिरुमलभावजींच्या अंगावरचं कापड काढायचंय."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती इतकं नेमकं कधी बोलली नव्हती. म्हणूनच त्याला राग आला.

गुरुवारी त्यानं हंडा उताणा केला. रंग धरावा म्हणून कापड हिरड्याच्या पाण्यातून आणि तुरटीच्या पाण्यातून आधीच निघून वाळलं होतं. हंड्यात विहिरीचं पाणी भरलं, कुटलेल्या मुळ्या सोडल्या. मंदाग्नीवर पाणी आधी चहासारखं झालं, मग विटेसारखं. कापड आत गेलं. उकळी फुटू द्यायची नसते, फुटली की तांबडा मरून तपकिरी होतो. सुब्बराव काठी घेऊन चार तास हंड्याशी उभा राहिला. हात आपोआप चालत होता आणि मन तिरुमलच्या खाटेशी केळ्यांचे घड रचत होतं.

संध्याकाळी त्यानं कापड उचलून उजेडात धरलं. असा तांबडा त्याच्या हातून दहा वर्षांत आला नव्हता. वाळताना तो आणखी खोल होणार होता.

यानंतर सात पाणी द्यायची असतात. हा रंगाऱ्याचा धर्म आहे. कापडात न मुरलेला, वरवर बसलेला रंग सात वेळा पाणी बदलून खळबळून काढायचा. सातवं पाणी विहिरीतून काढल्यासारखं निवळ दिसलं की कापड दुसऱ्याच्या हाती द्यायचं. त्यात डोळ्यांना दिपवणारा काही भाग निघून जातो, पण राहील तो जन्मभर राहतो. बापानं सुब्बरावाला रंग शिकवायच्या आधी दोन वर्षं नुसती पाणी द्यायला लावली होती.

तो कापड घेऊन विहिरीपर्यंत गेला. तेवढ्यात कमलाक्षी दारातून डोकावली आणि म्हणाली, रंग जरा उठून दिसू द्या हं भावजी, फोटो काढायचेत. ती गेली. सुब्बराव जरा वेळ पोहऱ्याकडे बघत राहिला. मग त्यानं कापड तसंच, एकही पाणी न देता, दोरीवर टाकलं.

उद्या देऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उद्या उजाडलं. कापड वाळून डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं होतं. त्यानं घडी घातली.

रविवारी जमातीच्या सभागृहात पूजा झाली. तिरुमल पांढराशुभ्र पंचा नेसून आला होता. खांद्यावर शेला घातला तेव्हा बायकांनी ओवाळलं, तरुणांनी मोबाइल वर धरले. रंग बघून म्हातारी माणसं सुब्बरावाच्या पाठीवर हात ठेवून गेली. तो मान झुकवत होता आणि मनात म्हणत होता, पहिल्या धुण्याला कळेल. बादलीभर तांबडं पाणी बघून कमलाक्षीचं तोंड कसं होईल ते त्यानं दहादा बघून घेतलं. त्याला बघायचं होतं ते एवढंच. यापुढचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेला कमरेला बांधून तिरुमलनं आरती केली आणि तसाच पंगतीला बसला. पंगत लांबली. तो मांडी घालून बसला होता आणि वरचेवर बूड हलवत होता. जेवला थोडंच. मठ्ठा वाढायला आले तेव्हा त्यानं द्रोणावर हात आडवा धरला. एरवी हाच माणूस मठ्ठ्याचे तीन द्रोण प्यायचा. पाण्याचा जग घेऊन सुब्बराव मागे उभा होता, म्हणून त्याला हे सगळं दिसलं, पण अर्थ लागला नाही.

जेवण संपलं. हात धुवायला तिरुमल एका हातावर जोर देऊन उठला. उठता उठता त्याला खोकला आला. तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला.

पांढऱ्या पंच्यावर मांडीच्या मागच्या बाजूनं तांबडा डाग उमटला. आधी रुपयाएवढा, मग तळहाताएवढा, मग एक ओघळ गुडघ्याकडे निघाला.

"अय्यो, रक्त," कमलाक्षी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आसपासच्या पन्नास माना वळल्या.

सुब्बरावाला क्षणात दोन गोष्टी कळल्या. हे रक्त नाही, हा माझा रंग आहे. आणि रंग आपोआप उतरत नाही, त्याला पाणी लागतं. हे पाणी कुठून आलं हे कळल्यावर त्यानं तिरुमलच्या तोंडाकडे बघितलं. तिरुमल कुणाकडेच बघत नव्हता. पेरूच्या झाडाखाली हात लोंबत असताना तो असाच, न रडता, जमिनीकडे बघत उभा होता.

हातात जग होता. सुब्बरावानं तो सगळाच्या सगळा तिरुमलच्या कमरेवर ओतला.

पाणी पंच्यातून, शेल्यातून, पायांतून खाली गेलं. फरशीवर तांबडं तळं झालं. हात सटकला, असं तो म्हणाला, पण कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण सगळे फरशीकडे बघत होते. मग त्यानं घसा साफ केला आणि सभागृहाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"रक्त नाही. रंग आहे. मी याला सात पाणी दिली नाहीत. एकही दिलं नाही."

पंगतीच्या टोकाला एक म्हातारा शेजारच्याला हळूच म्हणाला, सुब्बरावाचा रंग उतरला म्हणे. ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. अनुसूयेनं पुढे होऊन तिरुमलच्या खांद्यावर आपली कोरडी शाल टाकली आणि त्याला मागच्या खोलीत जायला वाट करून दिली. ती रंगाऱ्याच्या घरात नांदलेली बाई. तिला सगळं कळलं होतं, सुब्बरावाचंही आणि तिरुमलचंही.

सोमवारी सकाळी तिरुमल आला. चार घरांचं अंतर, पण हळू चालत आला. सुब्बरावानं खाटेवर जागा करून दिली. तो खाटेवर बसला नाही, प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली. गेल्या अकरा महिन्यांत तो या घरी कधीच खाटेवर बसला नाही हे सुब्बरावाला आत्ता आठवलं. त्याला तेव्हा वाटलं होतं, ऑपरेशन झाल्याचा तोरा आहे.

तिरुमलनं पिशवीतून शेला काढला. भिजून वाळल्यानं त्याच्यावर डागांचे ढग उठले होते.

"मुद्दाम?" त्यानं विचारलं.

"होय," सुब्बराव म्हणाला.

"मला वाटलंच. माझं प्लास्टर हंड्यात बुडवायला निघाला होतास तू. काकांनी तुझा हात धरला."

अनुसूयेनं कॉफी आणली. तिरुमलनं अर्धा पेलाच घेतला. ती आत गेल्यावर तो दाराकडे बघत हळू आवाजात बोलायला लागला. माझा काढावाच लागला, म्हणाला, न काढता आज इथे बसलो नसतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऑपरेशनपासून लघवी धरवत नाही. खोकलं, हसलं, उठलं की जाते. सुरुवातीला दिवसाला सहा पॅड लागायचे, व्यायाम करून आता तीनवर आलं, आणखी कमी होईल म्हणतात डॉक्टर. काल पंगत लांबली आणि पॅड भरला. बसमध्ये बसलो नाही वर्षभर. तळ्यावर का येत नाही म्हणून तू विचारलंस, मी म्हटलं गुडघा दुखतो.

मग जरा थांबून म्हणाला, आणि बाकीचं तुला सांगत नाही, वहिनी आत आहेत.

सुब्बराव मोरीच्या दगडाकडे बघत बसला.

"बुधवारी जातोयस म्हणे," तिरुमल म्हणाला. त्यानं पिशवीतून पॅडचं पाकीट काढलं आणि शेल्यावर ठेवलं. "अण्णा, कापड पाहिजे होतं तर मागायचं. मी दिलं असतं. पण मग दोन्ही घ्यायचं."

पाकीट मोठं होतं, निळ्या रंगाचं. सुब्बरावानं त्याला हात लावला नाही. त्यानं पाकिटाखालून शेला ओढून घेतला आणि अंगणात गेला.

त्यानं सात पाणी दिली. पहिलं पाणी रक्तासारखं, दुसरं तसंच, चौथं गुलाबी. सातवं निवळ निघालं तेव्हा कापडात जेमतेम बाळाच्या ओठांचा रंग उरला होता, तोही ढगाळ. ते पुन्हा हिरड्यात आणि तुरटीत घालून नव्यानं रंगवावं लागणार होतं. सोमवारी रात्रभर हिरडा. मंगळवारी तुरटी. आणि तुरटीतून निघालेल्या कापडाला वाळेपर्यंत एकटं सोडता येत नाही. पाणी एका कडेला उतरू लागलं की पालटावं लागतं, नाहीतर रंग त्या कडेला जास्त धरतो. पुन्हा पुन्हा बघायचं, हात लावायचा नाही, गरज पडली तरच पालटायचं. मंगळवारी ऊन नीट पडलं नाही. बुधवार उजाडला तेव्हा कापड दमटच होतं.

पहाटे अनुसूयेनं बॅग भरून दाराशी ठेवली. सुब्बरावानं काही खाल्लं नव्हतं. साडेसहाला तो आंघोळ करून बाहेर आला, बॅगेकडे बघितलं, मग अंगणात जाऊन कापडाची खालची कड बोटांत धरून बघितली. पाणी डाव्या बाजूला उतरत होतं. त्यानं कापड पालटलं. जरा वेळानं पुन्हा बघितलं. स्टूल आणून दोरीखाली बसला.

सात वाजले. आठ वाजले. ऊन भिंतीवरून खाली आलं. नवाच्या सुमारास इस्पितळातून फोन आला. अनुसूया फोनवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि काय सांगू, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं.

"सांग," तो म्हणाला, "कापड वाळत घातलंय."

तिनं फोनवर काय सांगितलं ते त्यानं ऐकलं नाही. थोड्या वेळानं ती उपीट घेऊन आली. त्यानं स्टुलावर बसूनच, एक डोळा दोरीवर ठेवून खाल्लं.

गुरुवारी हंडा पुन्हा चुलीवर चढला. तिरुमल खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसला. सात पाणी तिरुमलनं मोठ्यानं मोजली, आणि पाचव्याला चुकून सहा म्हणाला तेव्हा सुब्बरावानं त्याला दोन शिव्या दिल्या. सातवं पाणी मोरीतून गेलं ते इतकं निवळ की दगडाचा तांबडेपणा त्यातून दिसला.

कापड वाळल्यावर दोघं जवळ जाऊन बघायला लागले. पहिल्या वेळच्या रंगात झगमग होती. याच्यात ती नव्हती. सूर्य बुडून गेल्यावर सरगूरच्या माळावर जो तांबडा थोडा वेळ मागे राहतो, तसा हा होता, आतून आलेला. सुब्बराव तो रंग उजेडात धरून उलटसुलट बघत राहिला. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यांत चांगला रंग होता. आता या वयात त्याच्या हातून दुसऱ्यांदा असा येणार नव्हता, हेही त्याला कळत होतं.

त्यानं शेला तिरुमलच्या खांद्यावर टाकला.

तिरुमल निघाला. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. कुणीतरी शेल्याचं टोक हातात धरून रंग चोळून बघितला, हाताला काही लागलं नाही. तिरुमलनं मागे वळून सुब्बरावाच्या दाराकडे बोट दाखवलं, पण तोवर कुणीतरी त्याला तब्येत विचारायला लागलं होतं, आणि मग कमलाक्षी बाहेर आली, आणि पाच तासांची गोष्ट सुरू झाली.

सुब्बराव उंबऱ्यावर उभा राहून तो तांबडा चार घरं दूर जाताना बघत होता. त्याच्या मनात पुन्हा हेव्याची तीच ओळखीची रेघ उठली.

"माझं रक्त कधी तपासायचंय?" त्यानं आत वळून विचारलं.

फाल्गुनात, अनुसूया म्हणाली, आणि कॅलेंडरवर तारीख गोल करून ठेवलीय ती दाखवायला लागली. तो अजून गल्लीकडेच बघत होता.